स्त्रिया अधिक जगतात, मग आजारीही त्याच अधिक का?

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात मुदत विमा घेण्यासाठी एका कंपनीच्या संकेतस्थळावर माहिती भरत होतो. एक कोटीचे संरक्षण, वय ४६, तंबाखूचे व्यसन नाही, असे सगळे भरून हप्ता पाहिला. मग सहज म्हणून बाकी सर्व तेच ठेवले आणि फक्त 'पुरुष'च्या जागी 'स्त्री' निवडले, तर हप्ता बराच खाली आला. एजंटला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बायका जास्त जगतात. कंपनीला धोका कमी."

त्याचे उत्तर बरोबरच असणार, कारण कंपन्या हप्ता अंदाजाने ठरवत नाहीत. पण माझ्या घरात पाहिले की हे कोडे सुटत नाही. वडील ६१व्या वर्षी, एका पहाटे छातीत कळ येऊन गेले. त्याआधी त्यांनी स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढल्याचे मला आठवत नाही. आई आज ७२ वर्षांची आहे आणि तिच्या उशाशी सात कप्प्यांची गोळ्यांची डबी असते, ज्यात रक्तदाबाची, थायरॉइडची, कॅल्शियमची आणि गुडघेदुखीची अशा गोळ्या मी दर रविवारी भरतो. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात नुसती हातावर टेकली आणि मनगट मोडले. मावशीचे तेच, सासूबाईंचेही थोड्याफार फरकाने तेच. आमच्या नात्यात पुरुष 'धडधाकट' असतात आणि एके दिवशी जातात, बायका वर्षानुवर्षे आजारी असतात आणि मागे राहतात.

हा फरक शरीराच्या घडणीतला आहे की जगण्याच्या पद्धतीतला? आपल्याकडे तो पहिल्यापासून असाच होता का? आणि ज्याच्या घरात ७२ वर्षांची आई आणि ४४ वर्षांची पत्नी आहे, त्याने यातून नेमके काय करावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

गणिती

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. आपल्याकडे हे पहिल्यापासून असे नव्हते. नमुना नोंदणी पाहणीच्या आकड्यांनुसार १९७०-७५ या काळात भारतीय पुरुषाचे जन्मावेळचे अपेक्षित आयुर्मान ५०.५ वर्षे होते आणि स्त्रीचे ४९. म्हणजे आपल्या आजीच्या पिढीतील स्त्री पुरुषापेक्षा कमी जगत होती. १९८१-८५ मध्ये हे आकडे अनुक्रमे ५५.४ आणि ५५.७ झाले, म्हणजे पारडे जेमतेम फिरले. २०१६-२० या काळात पुरुष ६८.६ आणि स्त्रिया ७१.४ वर होत्या. एजंटने जे वाक्य निसर्गनियमासारखे सांगितले, ते भारतात अवघ्या चाळीस वर्षांपूर्वी खरे होऊ लागले.

युरोपात मात्र हा फरक जुना आहे. स्वीडनमध्ये १७५१पासून मृत्यूंच्या नीट नोंदी आहेत आणि तिथे तेव्हाही स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगत होत्या. मग आपल्याकडे उलटे का होते? बाळंतपणात जाणाऱ्या स्त्रिया, सततच्या बाळंतपणांनी आणि अपुऱ्या अन्नाने खंगलेल्या स्त्रिया, आणि मुलाला डॉक्टरकडे नेताना मुलीला घरच्या काढ्यावर ठेवणारी घरे, ही त्याची कारणे होती. १९७१मध्ये भारतात स्त्रीमागे सरासरी ५.२ मुले होत होती, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती संख्या २ वर आली. एक लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यूंचे प्रमाण २०१८-२०मध्ये देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले. निसर्गाने स्त्रीला जे दिले होते आणि समाजाने जे काढून घेतले होते, ते तिला थोडेफार परत मिळाले, असे मी या आकड्यांकडे पाहून म्हणतो.

थोडेफारच, कारण सगळे अजून मिळालेले नाही. जन्मल्यानंतर पहिल्या वर्षात मुलगे मुलींपेक्षा नाजूक असतात. त्यामुळे जिथे दोघांची सारखी काळजी घेतली जाते, तिथे मुलग्यांचा बालमृत्युदर जास्त असतो. भारतात २०२०मध्ये हा दर दोघांसाठी हजारी २८ असा सारखाच होता. वरवर समानता वाटणारा हा आकडा प्रत्यक्षात सांगतो की, ज्या मुली जगायला हव्या होत्या, त्यांतल्या काही जगल्या नाहीत. मला तो नेहमी अस्वस्थ करतो.

आता शरीर की जगणे. शरीराचा वाटा आहे. स्त्रीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असल्याने एकावरील दोष दुसऱ्यामुळे बऱ्याचदा झाकला जातो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी जाईपर्यंत हृदय आणि रक्तवाहिन्या जपते. संसर्गाशी लढण्याची तिची शक्तीही सहसा अधिक असते. (हीच शक्ती कधी स्वतःच्या शरीरावर उलटते, म्हणून ल्युपस, संधिवात आणि थायरॉइडचे काही विकार स्त्रियांत कितीतरी जास्त दिसतात. आपल्या आईंच्या डबीतली एक गोळी बहुधा याच खात्यातली आहे.) पण हा वाटा किती, याचे सुंदर उत्तर जर्मनीतील बव्हेरियाच्या कॅथलिक मठांतून मिळाले. तिथले संन्यासी आणि संन्यासिनी जवळपास सारखेच अन्न खातात, सारखीच दिनचर्या पाळतात. त्यांच्या नोंदी तपासल्यावर दोघांच्या आयुर्मानात सुमारे एका वर्षाचाच फरक आढळला, तर बाहेरच्या जर्मन समाजात तो त्याच्या कित्येक पट होता. मठातल्या स्त्रिया बाहेरच्या स्त्रियांइतक्याच जगत होत्या. फरक पुरुषांनी भरून काढला होता.

याची दुसरी बाजू रशियात दिसते. १९९४मध्ये तिथे स्त्रियांचे आयुर्मान ७१ होते आणि पुरुषांचे ५८च्याही खाली गेले होते. त्यात दारूचा हात मोठा होता, याचा पुरावाही त्याच देशातला आहे. १९८५च्या दारूविरोधी मोहिमेनंतर पुरुषांचे आयुर्मान अल्पावधीत दोन वर्षांहून अधिक वाढले होते आणि मोहीम ढिली पडताच पुन्हा घसरले. तेव्हा आपल्या वडिलांच्या बाबतीत 'पुरुषाचे शरीरच असे' म्हणून सोडून देऊ नये, असे मला वाटते.

माई सिस्टर

मी मराठवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. सरांनी जगण्याच्या वर्षांविषयी लिहिले, मी दुखण्यांविषयी लिहिते.

बाई दुखणे अंगावर काढते, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ जाणवेनासा होतो. माझ्यासमोर एकदा एक बाई आठ किलोमीटर चालत आली होती आणि तिचे हिमोग्लोबिन ५.८ होते. ती स्वतःसाठी आलीच नव्हती, नातवाला लस द्यायला आली होती. पापण्या पांढऱ्याफटक दिसल्या म्हणून मी बोटाला सुई टोचली. "थकवा येतो का?" असे विचारले, तर म्हणाली, "येतो की, पण तो सगळ्यांनाच येतो." देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि त्याच वयाच्या पुरुषांत तो २५ टक्के आहे, हे मी नंतर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वाचले. त्या बाईच्या दृष्टीने थकवा हा आजार नव्हताच, कारण तिने थकवा नसलेली बाई पाहिलीच नव्हती.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, ओटीपोटात दुखणे ही दुखणी जीव घेत नाहीत, म्हणून मृत्यूच्या आकड्यांत ती कधी दिसत नाहीत. पण ती बाईचा प्रत्येक दिवस खातात. कृष्णाकाठ भाऊ, आपल्या कोड्याचे अर्धे उत्तर इथे आहे. पुरुषांना जडणारे आजार बरेचदा जीव घेणारे असतात, तर बायकांना जडणारे आजार जीव घेत नाहीत आणि सोडतही नाहीत. गुडघे, हाडे, थायरॉइड, रक्तक्षय, अर्धशिशी, आणि चुलीच्या धुराने विडी न ओढताही लागलेला दमा.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहिते. 'पिशवी काढणे' हा आमच्या भागात इतका सहज झालेला शब्द आहे की बाई अपेंडिक्स काढल्यासारखे सांगते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एकाचा जरी खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी. मग अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला कर्करोगाची भीती घातली की ती उचल घेऊन ऑपरेशन करून मोकळी होते. बीड जिल्ह्यातील या प्रश्नासाठी २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहांत एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर सरांनी सांगितलेले ते इस्ट्रोजेनचे कवच त्याच दिवशी संपते. बीजकोष ठेवले तरी पाळी जाण्याची स्थिती काही वर्षे आधी येऊ शकते. मग पन्नाशीत हाडे सत्तरीची होतात आणि नुसते टेकले तरी मनगट मोडते. आपल्या आईंच्या मनगटाचे वाचले आणि मला हेच आठवले. त्यांची पाळी कोणत्या वयात गेली, की पिशवी काढली आहे, हे घरात कुणाला माहीत आहे का? विचारून पाहा, आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या.

पत्नीसाठी सांगायचे तर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी चुकवू नका. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले होते. जगभर त्याचा दाखला देतात आणि ज्या जिल्ह्यात तो झाला, तिथल्या शिकल्यासवरलेल्या बायकांनाही तो ठाऊक नसतो.

औषधी

माई, एक पुरवणी जोडतो. बाईचा हृदयविकार ओळखू न येण्याने किती जीव जातात, हे औषधाच्या दुकानात बसून कळते. छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या, हे आपण पाठ केलेले असते. स्त्रियांतही छातीत दुखते, पण अनेकींना त्यासोबत किंवा त्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे येतात, आणि घरचे लोक पित्ताची गोळी न्यायला येतात. औषधांच्या मात्रांचेही तसेच आहे. अमेरिकेत १९७७ ते १९९३ या काळात मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले जाई. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा १०वरून ५ मिलिग्रॅम करण्याची सूचना तिथे २०१३मध्ये आली, तोवर ती वीस वर्षे विकली जात होती.

बाभूळवन

माईंनी लिहिलेला शब्दन् शब्द मान्य आहे. तरीही पुरुषांच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटते, कारण या चर्चांत 'पुरुष दारू पितात, तंबाखू खातात, मरतात' एवढ्यावर विषय संपतो.

आकडे आहेतच. २०१६-१७च्या तंबाखूविषयक पाहणीत देशातील ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. (आमच्या आजीची मशेरी त्या १४ टक्क्यांत येते, हेही विसरू नये.) २०२२मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत दर शंभरात ८५ पुरुष होते. त्याच वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत शंभरात ७२ पुरुष. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला या शेवटच्या आकड्याचे चेहरे माहीत असतात.

पण माझ्या मोठ्या भावाचे सांगतो. गावातल्या शिबिरात त्याचा रक्तदाब १७०/११० निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती त्याने पंधरा दिवस घेतली आणि बरे वाटते म्हणून सोडली. खरे म्हणजे त्याला आधीही बरेच वाटत होते. दोन वर्षांनी, ४८व्या वर्षी, फवारणी करून आल्यावर त्याची उजवी बाजू गेली. आज वहिनी त्याला भरवते, आणि तिचे स्वतःचे गुडघे कामातून गेले आहेत. एका गोळीची किंमत दोघांनी मोजली.

मी बराच विचार केला की तो दवाखान्यात का गेला नाही. बाई आवडीने जात नाही, पण निदान बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन या निमित्तांनी आरोग्य व्यवस्थेशी तिची गाठ पडते. आशाताई घरी येते ती वहिनीला आणि मुलांना भेटायला. पुरुषासाठी असे दारच नाही. तिशीच्या पुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, पण तपासणी होते सकाळी अकराला, तेव्हा आमच्याकडे पुरुषमाणूस शेतावर असतो. त्यात 'पुरुषासारखा पुरुष असून कण्हतोस काय' हे लहानपणापासून ऐकलेले. बायकांना दुखणे सांगू दिले जात नाही, आणि पुरुषांना तर दुखणे असण्याचीच मुभा नसते. माझी एवढीच मागणी आहे की तपासणी संध्याकाळी सातला, पारावर किंवा दूध संकलन केंद्रावर व्हावी. दूध घालायला सगळे येतात.

गणिती

बाभूळवन, दूध केंद्राची कल्पना फार चांगली आहे. ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या.

एक मुद्दा राहिला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये जगातील स्त्रियांचे आयुर्मान ७५.९ आणि पुरुषांचे ७०.८ होते, म्हणजे पाच वर्षांचा फरक. पण निरोगी आयुष्याची वर्षे मोजली, तर ती स्त्रियांची ६४.९ आणि पुरुषांची ६२.५ भरतात. फरक अडीच वर्षांच्याही आत येतो. स्त्रीला मिळालेल्या जादा वर्षांपैकी निम्म्याहून अधिक आजारपणात जातात.

ती वर्षे कोणत्या परिस्थितीत जातात, हेही पाहावे. आपल्याकडे नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असतो आणि आयुर्मानात जवळपास तीन वर्षांचा फरक आहे. म्हणजे सरासरी बाईच्या वाट्याला सात-आठ वर्षांचे एकटेपण लग्नाच्या दिवशीच लिहिलेले असते. २०११च्या जनगणनेत विधवा सुमारे ४.३ कोटी होत्या आणि विधुर त्यांच्या एक तृतीयांशही नव्हते. आजारी नवऱ्याची सेवा करायला बायको असते, बायकोच्या आजारपणात बहुधा नवरा नसतो. कृष्णाकाठ, आपण मुदत विमा स्वतःचा घ्यालच, पण आरोग्य विमा पत्नीच्या नावे वेगळा आणि आजीवन नूतनीकरणाचा घ्या. घराच्या उताऱ्यावर तिचे नाव लावा, निवृत्तिवेतनाची तरतूद करताना तिचे वय ८५ धरून गणित करा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधल्या काळात सांगितलेले करून पाहत होतो.

माझा रक्तदाब १४८/९६ निघाला. मला काहीही होत नव्हते. डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजून नोंद ठेवायला सांगितली आहे आणि बाभूळवन यांच्या भावाची हकीकत वाचल्यावर मी एकही दिवस चुकवलेला नाही. पत्नीने तपासणीची वेळ घेतली आहे, आणि उताऱ्यावर नाव लावण्याचा अर्ज तलाठ्यांकडे दिला आहे.

माईंचा प्रश्न आईला विचारण्याचे धाडस मला झाले नाही. पत्नीने विचारले. आई आधी म्हणाली, "त्याचे आता काय." मग म्हणाली की ३६व्या वर्षी काढली, दोन्ही बाजूंचे सगळेच काढले. मी तेव्हा पाचवीत होतो. त्या वर्षी आई दीड महिना आजोळी होती आणि आम्हा भावंडांना मामाच्या घराचे बांधकाम चालू असल्याचे सांगितले होते. ती परत आली तेव्हा मी रुसून दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो, हे मला लख्ख आठवते. गेली सोळा वर्षे मी तिच्या गोळ्या भरतो आहे, डॉक्टरांना तिचा सगळा इतिहास मीच सांगतो, आणि त्यात हे कधीच नव्हते.

डेक्सा तपासणी मंगळवारी आहे. या वेळी डॉक्टरांच्या खोलीत आईबरोबर पत्नी जाणार आहे, मी बाहेर बसेन.